चौघांची सरासरी

९ मार्च

घेतलं! माझं गणित घेतलं! सातवीच्या नव्या पुस्तकात, शेकडेवारी आणि सरासरीच्या धड्यात, एकदम शेवटचं. म्हणजे सगळ्यात अवघड. आजवर दुसऱ्यांची गणितं फळ्यावर उतरवली. तेच दोन नळ, तीच टाकी, एक नळ भरतोय, दुसरा गळतोय, आणि प्लंबर बोलवायची कुणाला बुद्धी नाही! आता माझं गणित दुसरे मास्तर उतरवतील. समितीत आम्ही पाच जण, त्यात पदव्यांची शेपटी नसलेली मी एकटी. आणि शेवटचं गणित कुणाचं? माझं!

इथेही उतरवून ठेवते. मला परत परत वाचायचंय, दुसरं कारण नाही.

"चौघांचं एक कुटुंब पाच दिवस सहलीला गेलं. एकूण खर्च चाळीस हजार झाला. त्यापैकी तीस टक्के खर्च हॉटेलांतल्या जेवणावर झाला. तर हॉटेलच्या जेवणाचा एका माणसामागे दर दिवसाचा सरासरी खर्च किती?"

चाळीस हजारांचे तीस टक्के, बारा हजार. भागिले पाच दिवस, चोवीसशे. भागिले चार माणसं, सहाशे. कुठे अपूर्णांक नाही, कुठे बाकी उरत नाही. पोराला उत्तर आलं की त्याचं त्यालाच कळतं, बरोबर आहे. असं गणित जमायला हात लागतो, हो!

घरी येऊन वाचून दाखवलं. हे म्हणाले, "सहाशेत दोन वेळचं? जागा कुठली?" हॉटेलात स्वयंपाक करणारा माणूस, आधी भाव बघणार. आमची लेक मिरी म्हणाली, "म्हणजे हे मलाच सोडवायला लागणार!" यंदा ती सातवीत जाणार ना. आणि सासूबाई? त्या काहीच म्हणाल्या नाहीत. घरात 'हॉटेल' शब्द निघाला की त्यांना ऐकू येईनासं होतं.

१० मार्च

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगून झालं. ड्रॉइंगच्या बाईंना दोनदा.

१६ मार्च

उचलली जीभ लावली टाळ्याला!

आज समितीची बैठक. आमच्यात एक निवृत्त प्राध्यापक आहेत. प्रत्येक ओळ भिंगातून वाचतात, म्हणून मी मनात त्यांना भिंगवाले म्हणते. त्यांनी माझ्या गणितावर भिंग धरलं ते धरलंच. म्हणाले, "बाई, नव्या पुस्तकाचा नियम आहे. उदाहरण खऱ्या आयुष्यातलं हवं. हे तीस टक्के कुठून आणलेत? सहलीला जाऊन माणूस इतकं हॉटेलात खातो?"

आता 'अंदाजे घेतले' म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. त्यांनी ते 'बाई' असं काही म्हटलं की माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आमच्याच घरचे आकडे आहेत. आम्हीच गेलो होतो."

"अस्सं! मग बिलं असतील. मे महिन्याच्या बैठकीत आणा. नाहीतर हे गणित काढून नळाचं घालू."

नळाचं! माझ्या जागी!

आम्ही चौघं कुठे गेलोय आजवर? लोकांच्या सुट्ट्या म्हणजे यांच्या कामाचे दिवस. सगळं गाव सुट्टीला निघालं की हे सकाळी सातला कढईपाशी. लग्नानंतर दोन दिवस तलावावर गेलो होतो, तिथेही हे बोट सोडून कँटीनच्या मागच्या दाराशी उभे. आणि सासूबाईंचं तर हॉटेलशी हाडवैर.

१७ मार्च

यांना सांगितलं. आधी हसले. पोट धरून हसले. मग म्हणाले, "मग जाऊ या."

"कुठे?"

"तुझ्या गणितात. पाच दिवस, चाळीस हजार. नव्या कपाटाला साठवलेत ना? कपाट काय पळून जातंय!"

लग्न केलं तेव्हा आमच्या काकू म्हणाल्या होत्या, आचाऱ्याशी करतेस, हाताला कायम कांद्याचा वास येईल. येतो. येऊ दे.

२२ मार्च

मालकांकडे हे सुट्टी मागायला गेले. मालक म्हणाले, "मे महिन्यात? वेडबीड लागलंय का?" हे म्हणाले, "आजवर एकदाही मागितली नाही. आता मागतोय." मालकांनी म्हणे कॅलेंडर बघितलं, यांच्याकडे बघितलं, आणि दिली! पाच दिवस. हे घरी आले ते शाळा सुटलेल्या पोरासारखे.

घोडं अडलंय ते सासूबाईंपाशी. गणितात चौघं आहेत.

२३ मार्च

त्यांचंही मला पटतं, म्हणून राग धरता येत नाही. सासरे गेले तेव्हा हे लहान. सासूबाईंनी शिलाई मशीनवर पाय झिजवून यांना कॉलेजात घातलं. मुलगा इंजिनियर होणार! आणि एक दिवस बटणं आणायला बाजारात गेल्या, तर हॉटेलच्या काचेतून दिसलं, यांच्या खांद्यावर फडकं, आणि हे कुणाचं तरी खरकटं टेबल पुसताहेत. कॉलेज कधीच सोडलं होतं, घरी पत्ता नाही. सासूबाई आत गेल्या नाहीत. बाहेरूनच परतल्या. रात्री एवढंच म्हणाल्या, "आजपासून हॉटेलचा घास मला वर्ज्य. पाणीसुद्धा."

ते फडक्याचे दिवस गेले. आज यांच्या हाताखाली अकरा माणसं आहेत, यांच्या हातचा मासा खायला लोक तास-तास ताटकळतात. पण शब्द तो शब्द. घरातही त्या यांना चुलीपाशी उभं राहू देत नाहीत. "घरात तू माझा मुलगा. आचारी बाहेर." म्हणजे ज्याच्या हातचं अख्खं गाव खातं, त्याच्या हातचा एक घास त्याच्या आईने खाल्लेला नाही. हे कधी बोलत नाहीत. पण मासा छान जमला त्या दिवशी घरी येऊन जरा गप्प असतात. मला कळतं.

३० मार्च

मिरीने किल्ला सर केला! आजीला म्हणाली, "तू समुद्र पाहिलायस?" नाही म्हणाल्या. "मग मरायच्या आधी बघ की!" मी तोंडाला पदर लावला. सासूबाई नातीकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "समुद्र बघायला येते. जेवायला नाही. माझा डबा माझ्याजवळ."

चला. माणसं चार झाली. पण खाणारी तोंडं तीन! तिघांनी चौघांचं खायचं.

२ मे

समुद्र! लॉजच्या गच्चीतून दिसतो. सासूबाईंनी पाहिला आणि म्हणाल्या, "बापरे, केवढं हे पाणी, आणि पिता येत नाही!" मग संध्याकाळपर्यंत खुर्ची हलवू दिली नाही.

लॉजवर एक छोटी शेगडी आहे. तिच्यावर त्यांनी भात लावला, बटाटे उकडले, डबा भरला. आम्ही तिघं खाली हॉटेलात. सूप, ब्रेड, तळलेला मासा. मी बिलं जपून पाकिटात घालतेय.

आजचे झाले अठराशे. हवेत चोवीसशे! पहिल्याच दिवशी मागे. उद्या भरून काढू.

३ मे

कपाळ माझं!

दुपारी बंदरावरच्या हॉटेलात गेलो. यांना खुर्चीवर बसवत नाही. दर दोन मिनिटांनी मान स्वयंपाकघराकडे. "तेल जुनं आहे." "लसूण करपला." "ऐकलंस? झाकण आपटलं. नवा पोऱ्या असणार." मी म्हटलं, अहो, गिऱ्हाईक आहात तुम्ही, गिऱ्हाइकासारखं बसा. म्हणाले, "मला ती बाजू येत नाही गं." आणि उठून गेले आत.

आतून एक आरोळी! तिथला आचारी यांच्या हाताखाली शिकलेला निघाला. मग काय विचारता. खेकडे आले, कोळंबी आली, मिरीला दोन आइस्क्रीम. आम्ही हात धुतले, मी म्हटलं, बिल द्या.

"वहिनी, लाजवता का? उस्तादांकडून पैसे घेऊ?"

"घ्या हो! घ्याच!"

"मेलो तरी नाही."

मी त्या भल्या माणसाशी भांडले. सगळं हॉटेल बघत होतं. बिल द्या म्हणून भांडणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. त्याला काय सांगू, की तुझ्या या चांगुलपणाने माझी सरासरी बुडतेय! शेवटी हेच म्हणाले, "अगं, त्याने मनापासून खाऊ घातलं. आता किती लाजवशील!" बाहेर आल्यावर मला आपली लाजही वाटली आणि यांचा अभिमानही वाटला. उस्ताद म्हणाला तो यांना. सासूबाई असायला हव्या होत्या. त्या लॉजवर डबा खात होत्या.

आजचे फक्त संध्याकाळचे नऊशे.

४ मे

पंचवीसशे! शाब्बास आम्ही! मिरी म्हणते, आई, मला आता भूक नाही, मला सरासरी लागलीय.

५ मे

अठ्ठावीसशे. हे बेल्टचं एक भोक पुढे गेले. चार दिवसांचे मिळून आठ हजार. बाराला चार कमी, आणि दिवस उरला एक.

मिरीने माझ्याआधी मांडून दाखवलं, "उद्या एका दिवसात चार हजार खायला लागतील." आता ती शेकडेवारीत कच्ची नाही राहिली, एवढं तरी झालं! टेकडीवर एक मोठं हॉटेल आहे, पांढऱ्या टेबलक्लॉथचं. दुपारचं जेवण तिथे आणि रात्रीचंही तिथेच. सासूबाईंनाही नेणार. शेवटचा दिवस, त्यांना एकटं लॉजवर कसं ठेवायचं? टेबलावर बसतील आपला डबा घेऊन.

६ मे

दुपारचं आधी लिहिते. नीट लिहायला हवं.

पांढरं टेबल, काचेपलीकडे समुद्र. चौघं बसलो. पहिल्यांदाच चौघं, एका टेबलाला. मला इतकं बरं वाटत होतं. सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं. लगेच वेटर आला. अगदी आदबीनं म्हणाला, "माफ करा आजी, बाहेरचं खाणं इथे चालत नाही."

मी तोंड उघडणार, तोवर सासूबाई उठल्या. राग नाही, काही नाही. "बरोबर आहे त्याचं. नियम तो नियम." डब्याला झाकण लावलं आणि ताठ मानेनं बाहेर. फाटकापाशी झाडाखाली एक बाक आहे, तिथे जाऊन बसल्या.

हे तसेच बसून. मेनूकार्ड उघडं, वाचत काहीच नव्हते. मग म्हणाले, "तुम्ही दोघी जेवा." आणि गेले.

काचेतून सगळं दिसत होतं. आई आणि मुलगा बाकावर, मध्ये डबा. त्यांनी बटाटा मोडला, मोठा अर्धा यांना दिला. यांनी खाल्ला, काहीतरी बोलले. सासूबाईंनी हात उडवला. हे उठले, हॉटेलच्या मागच्या बाजूला गेले. स्वयंपाकघराचं मागचं दार यांना डोळे बांधून सापडेल. आले ते मूठ मिटून. मूठ डब्यावर उघडली. मीठ!

आणि सासूबाईंनी खाल्लं.

मिरीचं सूप निवून गेलं, माझंही. दोघींनी जेवण उरकलं. दोन खुर्च्या रिकाम्या. असं बसायला का आलो होतो आपण? एका म्हाताऱ्या बाईला बाहेर बाकावर बसवून मी बारा हजारांची बेरीज जुळवत होते. मला माझाच राग आला. रात्री इथे पुन्हा यायचं नाही, असं ठरवलं. संध्याकाळी किनाऱ्यावर टपरीत आम्ही तिघांनी साधं ऑम्लेट-ब्रेड खाल्लं, शेजारी सासूबाई डबा घेऊन. टपरीवाल्याला डब्याचं काही वाटलं नाही.

परत येताना मिरीची जीभ वळवळलीच. "आजी, हॉटेलचं मीठ खाल्लंस!"

"मीठ कधी हॉटेलचं असतं का? मीठ समुद्राचं." आणि मग माझ्याकडे बघून, "माझ्या बटाट्यात मीठ कमी म्हणतो! आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं." पण चिमूटभर मीठ घातल्यावर बरा लागला, असं मिरीच्या कानात सांगितलं. मिरीच्या कानात सांगितलेलं घरात सगळ्यांना पोचतं, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

आजचे चोवीसशे. एकूण दहा हजार चारशे. बारा हजार झालेच नाहीत. नाही तर नाही.

७ मे

सोळाशे उरले होते. गणितात चाळीस हजार खर्च म्हटलंय, तर चाळीस हजार खर्च! बस सुटायच्या आधी यांना बूट घेतले, न घसरणारे, स्वयंपाकघरासाठी. किंमत पंधराशे पन्नास. पन्नासाचे शेंगदाणे.

११ मे

बैठक. बिलांचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं, "मार्चमध्ये मी थाप मारली होती. तेव्हा आम्ही गेलो नव्हतो. आता जाऊन आलो. आणि तीस टक्के नाही झाले, सव्वीस झाले."

अध्यक्षबाईंचा चहा कपातच राहिला. भिंगवाले एकेक बिल भिंगाखाली धरत होते.

"तीन तारखेचं दुपारचं बिल?"

"घेतलंच नाही हो त्यांनी पैसे! मी भांडलेसुद्धा!"

सगळा किस्सा सांगावा लागला. भिंगवाले हसले! त्यांना दात आहेत हे समितीला आज कळलं. मग शेवटचं बिल धरलं. "टेकडीवर दोनच जेवणं दिसतात." तेही सांगितलं. बाकाचं, मिठाचं. तिथे कुणी हसलं नाही.

भिंगवाले भिंग खाली ठेवत म्हणाले, "आकडे खरे आहेत. पण मग सासूबाई जेवल्याच नाहीत, तर भागायचं तिनाने."

"चौघं गेलो होतो, सर. चारानेच भागायचं. सरासरी म्हणजे कुणी किती खाल्लं ते नव्हे. सगळ्यांना सारखं वाटून आलं असतं तर किती आलं असतं, ते."

"आणि त्यांना वाटून आलं का?"

मी समोरची बिलं उगाच सारखी केली. मग म्हटलं, "शिवाय पाच दिवस आणि तीन माणसं, म्हणजे पंधरा. दहा हजार चारशेला पंधराने भाग जात नाही. पोरं रडतील."

त्यांनी कागदावर करून पाहिलं. सहाशे त्र्याण्णव पॉइंट तीन तीन तीन... "खरंच नाही जात," म्हणाले. आणि माझ्या गणितात स्वतःच्या पेनने दुरुस्ती केली. तीसच्या जागी सव्वीस. 'चौघांचं' तसंच ठेवलं. उत्तर पाचशेवीस.

नाकावर टिच्चून राहिलं माझं गणित! आणि आता खरंही आहे. येताना बसमध्ये मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईने पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

१९ जुलै

छापलेलं पान आलं, तपासायला. अठ्ठ्याहत्तर नंबरचं पान. यांनी चष्मा पुसून तीनदा वाचलं, मग हॉटेलात नेऊन अकराही जणांना दाखवलं. कोपऱ्यावर तेलाचं बोट घेऊन पान परत आलं. मी रागावले नाही.

२० जुलै

घरात वादळ!

मिरीने आजीला वाचून दाखवलं आणि वर स्वतःची पुरवणी जोडली, "आजी, पुस्तकात तू हॉटेलात रोज पाचशेवीसचं खाल्लंयस!"

"कोण? मी?"

"चौघांतली चौथी तूच ना!"

सासूबाई तरातरा माझ्याकडे. "सूनबाई, काढ मला तिथून! एवढी वर्षं शब्द पाळला, आणि तू तो छापून मोडलास? देशातली पोरं वाचणार, ही म्हातारी हॉटेलात खाते!"

"अहो आई, नाव कुठे आहे तुमचं? आणि सरासरीचा अर्थ तसा नसतो..."

"मला अर्थ शिकवू नकोस. पाच दिवस बटाटे उकडले मी!"

मीही हट्टाला पेटले. म्हटलं, "नाही काढणार. चौघं गेलो होतो, चौघं राहणार. तुम्हाला बाहेर बाकावर बसवलं ते एकदा पुरे. पुस्तकातून बाहेर काढणार नाही मी तुम्हाला."

बोलून गेले आणि रडूच आलं. सासूबाई बघत राहिल्या. मग मशीनवर जाऊन बसल्या. नुसत्याच. पाय चालत नव्हते.

२४ जुलै

आज शाळेतून आले तर सासूबाई आणि मिरी जमिनीवर, मध्ये बटणांचा डबा पालथा. एक बटण म्हणजे शंभर, असं ठरवून मिरी आजीला गणित शिकवतेय! पहिल्या दिवसाची अठरा बटणं, दुसऱ्याची नऊ, तिसऱ्याची पंचवीस, चौथ्याची अठ्ठावीस, पाचव्याची चोवीस. सगळी एकत्र केली. एकशे चार. मग चार ढीग, सव्वीस-सव्वीसचे.

मी दारातच थांबले.

"हा आईचा, हा बाबांचा, हा माझा, आणि हा तुझा."

सासूबाई चौथ्या ढिगाकडे बघत होत्या. "हा माझा? न खाता?"

"हो. पाच दिवसांचा."

"आणि मी नाही घेतला, तर हा कुणाचा?"

"तुझाच. तसाच पडून राहणार."

त्यांनी ती सव्वीस बटणं परत डब्यात टाकली नाहीत. एका चिंधीत बांधून कनवटीला लावली.

८ सप्टेंबर

उशिरा का होईना, पुस्तक आलं! कोरं, वास येणारं. शेवटच्या पानावर समितीत माझं नाव. मिरीच्या वर्गात आज अजून तिसराच धडा, पण तिने मागचं पान काढून सगळ्यांना सांगितलं, हे आमच्या घरचं आहे. शेजारच्या वर्गातली पोरं येऊन म्हणे विचारून गेली, खेकडे खरंच फुकट मिळाले का. भिंगवाल्यांचा फोन आला होता. "बाई" म्हणाले. या वेळी ते मला आवडलं.

मी आज फार फार खूश आहे. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

९ सप्टेंबर

दुपारी मधल्या सुट्टीत यांचा हॉटेलातून फोन. कामाच्या वेळी कधी करत नाहीत. यांचा आवाज घोगरा. कांदा चिरतोय, म्हणाले. कांदा सकाळीच चिरून होतो, मला ठाऊक नाही का!

"आई आलीय. एकटीच. पुढच्या दाराने आली, खिडकीजवळच्या टेबलाला बसलीय. वेटरला विचारलं, पाचशेवीसमध्ये तुमच्या आचाऱ्याच्या हातचं काय काय येतं? त्याने मला बोलावलं. मी बाहेर आलो, अगं, खांद्यावर फडकं तसंच. तिने ते नीट घडी करून परत माझ्या खांद्यावर ठेवलं. म्हणाली, जा, मासा कर. आणि हे बघ, उद्याही टेबल ठेव. आजचा पहिला दिवस. चार राहिलेत."